इनासकाकांचा कठडा

आमच्या गावात शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्या येतात. नागावच्या समुद्रात डुंबून झालं की मंडळी संध्याकाळी इकडे वळतात, टेकडीवरच्या पांढऱ्या देवळाचे फोटो काढतात आणि पायथ्याची निळी पाटी वाचतात. देऊळ म्हणजे चर्च. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि इतकी वर्षं त्यांच्यात राहून मीही तसंच म्हणायला लागलोय. देऊळ फिरंग्यांच्या काळातलं, एकदा वादळात त्याचं छप्पर उडालं, मग मंगलोरी कौलं घातली, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या आहेत, असं सगळं पाटीवर लिहिलंय. पाटीचा मजकूर मीच लिहून दिला. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आणि गावात कुणालाही चार ओळी शुद्ध लिहून हव्या असल्या की तो माझंच दार वाजवायचा. पाटीत चूक एकही नाही. पण त्या देवळाबद्दल मला जे खरोखर कळलं ते इनासकाकांकडून, आणि त्यातलं एक अक्षर मी पाटीवर घातलं नाही. हिंमत झाली नाही, दुसरं काय.

मी मूळचा माणगावकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. बदलीची ऑर्डर हातात घेऊन या गावात उतरलो तेव्हा खोली कुठे मिळेल म्हणून विचारत विचारत इनासकाकांच्या अंगणात पोचलो. ते पडवीत बसून दोराला गाठ मारत होते. रेवसच्या लाँचवर त्यांनी उभी हयात काढली होती. लाँच धक्क्याला लागली की दोर फेकायचा आणि तो खांबाला आवळायचा, हे त्यांचं काम. मी काही बोलायच्या आत ते उठले, माझ्याजवळ आले आणि आपला तळहात माझ्या खांद्यावर आडवा ठेवून एक डोळा बारीक करून पाहत राहिले.

"चार बोटं कमी," ते म्हणाले.

मला वाटलं भाड्याचं काहीतरी बोलतायत. मग वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतोय. आत चुलीपाशी त्यांची बायको रोजाकाकी हसत होती. तिनं बाहेर येऊन मला चहा दिला आणि खुलासा केला. तिचा नवरा गावातल्या खांदेकऱ्यांचा म्होरक्या. गावात नवीन पुरुष आला, मग तो जावई असो की मास्तर की वायरमन, की आधी त्याच्या खांद्याची उंची बघायची. मयताला खांदा द्यायला चालेल का, एवढाच हिशोब. मी नापास झालो होतो. नोकरीच्या गावातला पहिला दिवस आणि पहिलाच निकाल असा. खोली मात्र त्यांनीच मिळवून दिली, दोन घरं सोडून.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं. गाव खाडीच्या काठावर, सखल. हातभर खणलं की खारं पाणी वर येतं. त्यामुळे ख्रिस्ती वस्तीचं कबरस्तान टेकडीवर, देवळाच्या मागे. वर जायला रस्ता नाही. आहेत त्या एकशे अकरा दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना उघडा कातळ आणि निवडुंग. म्हणजे गावात कुणीही गेलं, तर त्याला पेटीत घालून खांद्यावरून या पायऱ्या चढवायच्या, आधी देवळात मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थना, आणि मग मागे माती. सहा खांदेकरी, तीन जोड्या. प्रत्येक जोडी सारख्या उंचीची. सगळ्यात ठेंगणी जोडी पुढे, उंच मागे, म्हणजे पायऱ्यांच्या चढावर पेटी आपसूक सपाट राहते. इनासकाका पुढे उलटे चालायचे, तोंड पेटीकडे, पाठ देवळाकडे, आणि लाँच धक्क्याला लावताना देतात तसा हलकासा हुंकार देत राहायचे. एकशे अकरा पायऱ्या उलट्या पावली, पायाकडे एकदाही न बघता.

त्यांचं एक म्हणणं होतं: मेलेल्याला घाई न्हाय, घाई उचलणाऱ्याला असते. दुसरं, आत पाणी हाय असं समजून चाला. हे दुसरं नुसतं म्हणणं नव्हतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, रविवारी दुपारी, ते नव्या पोरांना पायथ्याशी जमवायचे. रिकामी पेटी, तिच्या झाकणावर काठोकाठ भरलेली पितळी तपेली. ती घेऊन पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. ज्याच्या बाजूला पाणी सांडेल त्यानं ईस्टरनंतर सगळ्यांना वडे आणि कोंबडी घालायची. पावलू नावाचा गावातला सगळ्यात उंच गडी, त्यानं सलग तीन वर्षं कोंबड्या घातल्या. चौथ्या वर्षी त्याच्या बाजूचा एक थेंबही हलला नाही, तेव्हा इनासकाकांनी नुसती मान हलवली. पावलू अजून ते सांगतो.

मला खांदा नव्हता, पण काम होतं. पावसात मयत निघालं की पुढे छत्री धरून चालायचं. कुणाला तरी धरायचीच असते, ते म्हणाले. मी हिंदू, त्यात बुटका, म्हणून कडेचं काम दिलं असेल असं मला सुरुवातीला वाटायचं आणि थोडं लागायचंही. पण त्यांना धर्माचं काही नव्हतं. त्यांच्या खांदेकऱ्यांत दोन आगरी होते आणि एक बौद्धवाडीतला कंपाउंडर होता. त्यांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती, जोडी जमणारे आणि न जमणारे.

देवळाचा इतिहास त्यांच्याकडे वेगळाच होता. फादर सांगायचे की आधी वर फिरंग्यांची चौकी होती, मग देऊळ झालं, मग लोकांसाठी पायऱ्या. इनासकाकांना हे मान्य नव्हतं. ज्यानं हे देऊळ बांधलं त्यानं आधी पायऱ्या बांधल्या, हे त्यांचं ठाम मत. मला घेऊन त्यांनी ते दाखवलंय. पायरीची उंची वीतभरही नाही, आणि खोली एवढी की प्रत्येक पायरीवर दोन पावलं पडावीत. म्हणजे ओझं घेतलेल्या माणसाला दर पायरीला सरळ उभं राहता येतं. वाटेत दोन वळणं, दोन्ही ठिकाणी अंगणाएवढा चौक, कारण पेटी वळवताना आतले तिघं जागच्या जागी पाय हलवतात आणि बाहेरचे तिघं मोठा फेरा घेतात, मळणीला बैल फिरतात तसे. दोन्ही चौकांत विसाव्याचा दगड. हा दगड जमिनीवर बसका नाही, खांद्याला लागेल एवढा उंच. पेटी खाली उतरवायचीच नाही, खांद्यावरून सरळ दगडावर सरकवायची आणि दम खाऊन पुन्हा खांद्यावर ओढून घ्यायची. वर देवळासमोर मोठं पटांगण, कारण चढताना डोकं पुढे असतं, पण देवळात शिरताना पाय पुढे हवेत. तिथे पेटी पूर्ण फिरवायची. आणि मुख्य दाराच्या दगडी चौकटीला, खालून तीन हातांवर, दोन्ही बाजूंनी दगड तासून कोन मारलाय. हजार वेळा त्या दारातून गेलो असेन, मला कधी दिसला नव्हता. खांदेकऱ्याचं कोपर तिथे घासू नये म्हणून तो कोन आहे, असं इनासकाका म्हणायचे आणि त्या जागेवर अंगठा फिरवायचे.

एकदा मुंबईहून आर्किटेक्टच्या कॉलेजातली पोरं टेप घेऊन आली. त्यातल्या एका हुशार पोरानं सगळं मोजून जाहीर केलं की बांधणाऱ्यानं दगड फुकट घालवलाय, हीच टेकडी सत्तर पायऱ्यांत चढता आली असती. इनासकाकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. देवळातला बाक आणवला, पोराला त्यावर उताणं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि सहा जणांना हाक मारली. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत नेलं. मग त्याला डोळे उघडायला लावले. तो बिचारा उठून बसला, खाली बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, काका, मला वाटलं अजून उचललंच नाहीये. इनासकाका त्या दिवशी इतके खूश होते की घरी येऊन रोजाकाकीला ही गोष्ट तीनदा सांगितली.

रोजाकाकी थट्टेखोर बाई. अंगानं जाडजूड, आवाज खणखणीत, हाताला चव. माझ्या खोलीत शनिवारी संध्याकाळी ताटलीखाली झाकलेलं काहीतरी हमखास यायचं. पण तिचे गुडघे गेले होते. सहा वर्षं ती देवळात गेली नव्हती. रविवारी सकाळी वरची घंटा वाजली की ती अंगणात टेकडीकडे तोंड करून खुर्ची टाकायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि खालूनच मिस्सा ऐकायची. ऐकू काय येणार, घंटेशिवाय काही नाही. वेळेच्या अंदाजानं ती उभी राहायची, बसायची, क्रूस करायची. मला ते बघवायचं नाही, मी त्या वेळी खोलीत जाऊन वह्या तपासायचो.

नवऱ्याला मात्र ती सोडायची नाही. सगळ्या गावाला वर न्हेता, माझा नंबर मेल्यावरच काय, असं म्हणायची. आणि एकदा माझ्यासमोर, भाकरी थापता थापता, हसतच म्हणाली, "न्हेशीला तवा वाकडी न्हेऊ नका. वाकडी न्हेलीत तर पेटीत उठून बसन." इनासकाका हसले नाहीत. तुला पाण्यासारखी न्हेईन, म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

ते सहा वर्षांचं खालचं बसणं त्यांना खात होतं. त्यांनी एकदाच, आयुष्यात एकदाच, देवळाच्या बैठकीत तोंड उघडलं. वस्तीत रोजाकाकी धरून अशा अकरा म्हाताऱ्या होत्या. पायऱ्या ठेंगण्या असल्या तरी धरायला काही नाही, म्हणून घरी बसलेल्या. त्यांच्यासाठी कठडा बसवा, असं इनासकाका म्हणाले. फादर तरुण आणि मनानं चांगले. त्यांनी दुबईला असलेल्या गावच्या एका मुलाला विचारलं, त्यानं आपल्या आईच्या नावानं लगेच होकार दिला, वर पहाटेच्या मिस्सेला अंधार नको म्हणून दर दहा पायऱ्यांवर कठड्यालाच उंच खांब लावून दिवेही देऊ केले. सगळं इतकं चांगलं जमून आलं की काय सांगू.

कठडा कुठे बसवायचा, यावर चर्चा झाली. एका बाजूला बसवला असता तर बरं झालं असतं, हे आज कुणीही म्हणेल. पण इनासकाकांनी सगळ्या अकरा जणींचा विचार केला होता. कुणाचा डावा गुडघा गेलेला, कुणाचा उजवा, कुणाचा एक हात वाऱ्यानं लुळा. कठडा मधोमध असला तर जिला जो हात चालतो त्या हाताला तो मिळेल, एक बाजू चढायला, एक उतरायला. मधोमध ही त्यांचीच कल्पना. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. वेल्डिंगवाले आठवडाभर होते. इनासकाका रोज त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि प्रत्येक खांब ओळंब्यानं बघायचे. खांबासाठी दगडात भोकं पाडून काँक्रीट भरताना ते शेजारी उभे होते. ज्या माणसानं जन्मभर त्या पायऱ्यांवरून पेट्या नेल्या त्याच्या डोक्यात एका क्षणाला पेटी आली नाही. त्याच्या डोक्यात बायको चालत होती.

आणि ती चालली. कठडा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी रोजाकाकी नवं लुगडं नेसून निघाली. दीड तास लागला. प्रत्येक दिव्याच्या खांबाला मिठी मारून ती दम घ्यायची, आणि पलीकडच्या बाजूनं इनासकाका तिच्याबरोबर एकेक पायरी चढायचे. वर पोचल्यावर ती दारातच बसली आणि पोरीसारखी रडली. नंतर उतरताना मला म्हणाली, मास्तर, आतला निळा रंग कुणी काढला हो, मला आवडायचा.

मग उपासाचे दिवस आले. देवळात नवे बाक आले होते, खालून वर न्यायचे होते. पावलू आणि आणखी पाच जणांनी सवयीनं पहिला बाक खांद्यावर घेतला आणि पायरीपाशी येऊन थबकले. पायऱ्या सहा हात रुंद. मध्ये कठडा आल्यावर एका बाजूला तीन हात. बाक आणि दोन्हीकडचे खांदे धरले तर साडेतीन हात लागतात. कठडा मध्ये घेऊन वरून न्यावा तर दिव्यांचे खांब आडवे. त्यांनी दोन-तीनदा इकडून तिकडून करून बघितलं, हसले, आणि मग एक पुढे, दोघं मागे अंग चोरून, असे तो बाक घेऊन चढले. वळणावर कठडा चौकातूनही तसाच वळवला होता आणि खांब ऐन कोपऱ्यात होता, तिथे बाक उभा करावा लागला. कपाट नेतात तसा.

मी आणि इनासकाका पायथ्याशी होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी न पिता खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी त्यांना पायऱ्यांवर बघितलं. दोर घेऊन मोजत होते. आडवा धरला, तिरका धरला, वळणावर फिरवून बघितला. जागा काही वाढत नव्हती. मला बघून त्यांनी तो गुंडाळला. मी म्हटलं, काका, फादरना सांगू, एका बाजूला घेतील. ते म्हणाले, दगडात काँक्रीट हाय, काढायचा म्हंजे दोन-तीन महिने, आणि तवर ती खाली बसंल. परत खुर्ची, परत घंटा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मग त्यांनी माझा हात धरला. "रोजाला बोलू नका. मीच आदी जाईन. मला कसंबी न्ह्या, उभा न्ह्या. तिच्या टायमाला बगू." मी बरं म्हटलं. मास्तर माणूस, दुसऱ्यांना बोलायला शिकवणारा, आणि मूग गिळून बसलो. रोजाकाकी दर रविवारी वर जात होती, दीड तासाचा सव्वा तास झाला होता, आणि मी कुठल्या तोंडानं फादरकडे जाऊन कठडा काढा म्हणणार होतो?

गावात त्या वर्षी वस्तीतलं कुणी गेलं नाही. देवाची कृपा, असं सगळे म्हणत होते. इनासकाका मात्र आपल्या प्रकृतीची हेळसांड करायला लागले. खोकला झाला तर औषध घेईनात. रोजाकाकी कटकट करायची. मला कारण कळत होतं आणि मी गप्पच होतो.

भर पावसाळ्यात रोजाकाकीला कावीळ झाली. अलिबागला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. तीन आठवड्यांत ती जाडजूड बाई निम्मी झाली. आणि गेली. शेवटच्या दिवशी तिनं मला विचारलं होतं की रविवारपर्यंत बरं वाटेल का. मी हो म्हणालो.

मिस्सा सकाळी दहाला ठेवली. पाऊस थांबत नव्हता. पेटी पायथ्याशी आणून ठेवली आणि खांदेकरी जमले. तेव्हा गावाला कळलं. माणसं नुसती पायऱ्यांकडे बघत उभी. पावलूनं धावत जाऊन बोटी दुरुस्त करतात त्या शेडमधून लोखंड कापायचं मशीन आणलं, वायर ओढली, आणि इनासकाकांसमोर उभा राहिला. म्हणाला, काका, सांगा फकस्त, वळणावरचे खांब उडवतो, बाकीचं नंतर बगू. फादरही म्हणाले, कापा, मी बघून घेतो. दुबईवाल्याला फोन लावायचं कुणीतरी बोललं. सगळे इनासकाकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला दिसलं की ते हो म्हणणार आहेत. त्यांचा हात वर आला होता.

तेवढ्यात त्यांची नजर पायऱ्यांवर गेली. वर, पहिल्या वळणाच्या पुढे, म्हाताऱ्या चढत होत्या. रोजाकाकीच्या बरोबरीच्या दहाजणी. भिजू नये म्हणून डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेल्या, पदर कमरेला खोचलेले. लवकर निघाल्या होत्या, मिस्सेला वेळेत पोचायचं म्हणून. पावसानं दगड निसरडे झालेले, त्यामुळे दोन्ही हातांनी कठडा धरून, एकीच्या मागे एक. मयताला वर जाऊन माती द्यायची त्यांची कित्येक वर्षांनंतरची पहिलीच वेळ होती. कापलेल्या जागी परत उतरताना काय धरणार होत्या?

इनासकाकांनी वर आलेला हात खाली घेतला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मशीन बाजूला ठेवायला सांगितलं. मग ते माणसांकडे वळले आणि जन्मभर केलं तेच काम करायला लागले, जोडी लावायला. पण जोडी नव्हतीच. मागे पावलू आणि त्याचा भाऊ, अंग चोरून. पुढे एकच. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. पुढचा माणूस जेवढा ठेंगणा तेवढी वरची बाजू खाली राहील, पेटी कमी वाकडी होईल.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढं तुमी."

इतकी वर्षं मी मनातून ह्याची वाट बघितली होती, आणि आता मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. छत्री मी कंपाउंडरच्या हातात दिली. डोक्याकडची कडी माझ्या हातात आली. मी उलटा चढायला लागलो, पाठ देवळाकडे. कठड्याच्या पलीकडच्या बाजूनं इनासकाका चढत होते, पावसात उघडे. दोन गजांमधून हात घालून त्यांनी तळवा पेटीवर टेकवला होता. दिव्याचा खांब आला की तो हात काढायचे, खांब मागे गेला की पुन्हा घालायचे. त्यांनी हुंकार दिला नाही. मला पायाखालची पायरी दिसत नव्हती, आणि पेटी सपाट नाही हे मला माझ्या मनगटांत कळत होतं.

पहिल्या वळणावर पेटी उभी करावी लागली. दुसरा इलाजच नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो, हात जमेल तेवढे खाली घेतले, तरी मागच्यांना पेटी खांबाशेजारून काढण्यासाठी माझी बाजू उचलावीच लागली. एवढी उचलली की मी कडी धरून वर आणि पावलू खाली. तेव्हा आत काहीतरी घसरलं. मोठा आवाज नव्हता, पोतं सरकतं तेवढा. माझ्या हातांतलं वजन एकदम निम्मं झालं आणि खाली पावलूच्या तोंडून हूं निघालं. मी वर बघितलं नाही, पलीकडे बघितलं नाही. दुसऱ्या वळणावर तसंच केलं, पण तेव्हा आत काही हललं नाही. हलायचं ते हलून झालं होतं.

वर पटांगणात पेटी फिरवली, पाय पुढे केले, दारातून आत नेली. म्हाताऱ्या पुढच्या नव्या बाकांवर ओळीनं बसल्या होत्या, ओल्याचिंब. मिस्सा झाली, माती झाली. इनासकाका रडले नाहीत. प्रत्येक म्हातारीला कठड्याची सुरुवात होते तिथपर्यंत हात धरून सोडलं.

कठडा अजून तिथेच आहे. नंतर बैठक झाली, एका बाजूला घ्यायचं ठरलं, पण म्हाताऱ्यांनी काढू दिला नाही, आणि इनासकाकांनी म्हाताऱ्यांच्या बाजूनं मत दिलं. आता वस्तीतल्या मयतांना तसंच नेतात. लोकांना सवय होते. उपासातल्या रविवारी पायथ्याशी कुणी जमत नाही. पुढल्या वर्षी वसईला दिलेली त्यांची मुलगी आली आणि इनासकाकांना घेऊन गेली. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण ते लगेच पिशवी भरून तयार झाले. तिकडेच वारले. तिथलं कबरस्तान सपाट जमिनीवर आहे, गाडी थेट आत जाते. मला उशिरा कळलं, मी पोचलो नाही.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते रोजाकाकी गेली त्याच वर्षीच्या मृतांच्या सणाला. त्या दिवशी सगळे कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात. पाऊस संपला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. मी मेणबत्त्यांचं पाकीट घेऊन पायथ्याशी आलो तर ते पहिल्या पायरीवर बसलेले. माझीच वाट बघत होते हे मला बसल्यावर कळलं. शाळेचं विचारलं, माझ्या बायकोचं विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, पुढं तुमी होता. कडी तुमच्या हातात होती. वळणावर ती आत सरकली काय?"

मी चार महिने या प्रश्नाच्या भीतीनं त्यांच्या घराकडून जायचं टाळत होतो. उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "जागची हलली नाही."

पलीकडे दोन पाहुणे देवळाचा फोटो काढत होते, आम्ही मध्ये येतोय म्हणून थोडं सरका म्हणाले. आम्ही सरकलो.

"मला आवाज आला होता," इनासकाका म्हणाले. "पन तुमी म्हनता तर नसंल आला."

माझ्या हातातलं मेणबत्त्यांचं पाकीट त्यांनी घेतलं, कठडा धरला आणि एकटेच चढायला लागले. तुमी ऱ्हावा, मी लावतो तिला, एवढं म्हणाले. मी खाली उभा राहून बघत होतो. पहिल्या वळणावर, त्या खांबापाशी, ते थांबले. मला वाटलं दम घेतायत. पण त्यांनी खांबाला कान लावला होता.